पाच दिवसांची नोकरी आणि वीस लाख डॉलर

पत्रकाराने खासगी सोशल मीडियावर काय लिहावं, हा वाद निघाला की आपण लगेच 'निष्पक्षपातीपणा' या विषयावर भांडायला लागतो. मला वाटतं, भांडण दुसरीकडेच आहे. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार अँटोनेट लतूफ यांचं प्रकरण जरा नीट बघा.

डिसेंबर २०२३. तिथल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या एबीसी या प्रसारण संस्थेने लतूफ यांना सिडनी रेडिओच्या सकाळच्या कार्यक्रमासाठी बदली निवेदिका म्हणून घेतलं. पाच दिवसांपुरतं. सोमवारी त्या माइकवर बसल्या आणि त्याच दिवशी तक्रारींच्या ईमेल सुरू झाल्या. कार्यक्रमात काही वावगं बोलल्या म्हणून नव्हे, तर गाझाबद्दलची त्यांची मतं आधीपासून माहीत होती म्हणून. यातल्या बऱ्याच तक्रारी एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरवून पाठवल्या गेल्या होत्या, हे पुढे उघड झालं. मंगळवारी लतूफ यांनी ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेची एक पोस्ट शेअर केली: इस्रायल गाझात उपासमार हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरतंय. ही बातमी खुद्द एबीसीनेही दिली होती! बुधवारी कार्यक्रम संपल्यावर त्यांना सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका.

पगार मात्र पाचही दिवसांचा दिला. आणि मग 'आम्ही काढलंच नाही' असा युक्तिवाद केला. तो नोकरीविषयक तंटे सोडवणाऱ्या तिथल्या फेअर वर्क कमिशनने २०२४ मध्ये फेटाळला.

प्रकरण पुढे कोर्टात गेलं. तिथे जे ईमेल बाहेर आले ते वाचण्यासारखे आहेत. एबीसीच्या तेव्हाच्या अध्यक्षा इटा बट्रोज यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना विचारलं होतं, या बाईंना फ्लू, कोविड किंवा पोटदुखी का होऊ शकत नाही? काढण्याचा निर्णय बट्रोज यांचा नव्हता, हेही खरं. पण वरच्या मजल्यावर काय चाललं होतं ते कळतं. पोस्ट खरी की खोटी, नियम मोडला का, हे प्रश्न मागे पडले होते. तक्रारी कधी थांबतील, एवढीच काळजी.

जून २०२५ मध्ये न्यायमूर्ती डॅरिल रंगैया यांनी निकाल दिला. राजकीय मत हे काढण्यामागचं एक कारण होतं, म्हणून ते बेकायदा. 'काही पोस्ट करू नका' असा आदेश दिलाच नव्हता, नुसता सल्ला दिला होता. आरोप लेखी कळवून बाजू मांडायची संधीही दिली नव्हती. भरपाई ७० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, सप्टेंबरमध्ये वर दीड लाखाचा दंड. लतूफ ८५ हजारांत मिटवायला तयार होत्या. एबीसीने वकिलांवर वीस लाखांहून जास्त उडवले. लोकांचे पैसे, हो.

सार्वजनिक माध्यमातल्या पत्रकाराने काहीही लिहावं, असं मी म्हणत नाही. निवडणुकीत एका पक्षाचा प्रचार करणाऱ्याने त्याच निवडणुकीच्या बातम्या देऊ नयेत. पण मग नियम आधी लिहून द्या, मोडला तर आधी विचारा, आणि तो सगळ्यांना सारखा लावा. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनच्या बीबीसीने माजी फुटबॉलपटू आणि निवेदक गॅरी लिनेकरना सरकारच्या निर्वासित धोरणावरच्या ट्वीटसाठी बाजूला काढलं, तेव्हा सहकारी समालोचक कामावर आलेच नाहीत. त्यांचा फुटबॉलचा कार्यक्रम 'मॅच ऑफ द डे' वीस मिनिटांत, समालोचनाशिवाय आटोपावा लागला आणि काही दिवसांतच बीबीसी नमली. लिनेकर बडं नाव होतं. लतूफ यांच्या जागेवर गुरुवारी दुसरं कुणी बसलं, कार्यक्रम सुरळीत पार पडला.

आणि लतूफ यांना निदान दाखवता आलं की शुक्रवारपर्यंतचं काम ठरलं होतं आणि ते मध्येच काढून घेतलं. आपल्या आकाशवाणीवर वर्षानुवर्षं नैमित्तिक निवेदक आहेत, महिन्याला मोजक्या ड्यूट्यांवर. त्यातल्या कुणाचं नाव फेसबुकवरच्या एखाद्या पोस्टनंतर पुढच्या महिन्याच्या ड्यूटी चार्टमध्ये आलंच नाही, तर आपल्याला काढलं हे त्याने सिद्ध कसं करायचं?