तोफ चकाचक करण्याआधी

पावसाळा सरला की एक मेसेज दरवर्षी नव्या दमाने फिरायला लागतो. यंदा तो मला गडप्रेमींच्या चार ग्रुपवर आला आणि वर मेव्हण्याने पाठवला तो वेगळाच. मजकूर थोडक्यात असा: "आपल्या गडांवरच्या तोफा पंचधातूच्या आहेत. त्या गंजत नाहीत, भर उन्हातही तापत नाहीत. त्यांचा गोळा बारा किलोमीटर जायचा. सरकारला काही पडलेली नाही. ग्राइंडर, वायरब्रश आणि काळा ऑइलपेंट घ्या, दरीतली तोफ वर काढा, गाड्यावर बसवा. एका रविवारचं काम आहे. आतली दारू केव्हाच मेली, धोका काही नाही."

कळकळ खरी आहे, तिला नावं ठेवत नाही. दोर ओढून हाताला फोड मीही आणलेत. तोफा बेवारस पडल्यात हे खरं, आणि त्यातल्या बऱ्याच आज धडपणे उभ्या दिसतात त्या स्वयंसेवकांमुळे, हेही खरं. उरलेला मजकूर मात्र एकेक वाक्य धरून तपासायला हवा.

पंचधातूपासून सुरुवात करू. खिशात एक लोहचुंबक ठेवा आणि पुढच्या गडावर तोफेला लावून बघा. टक् करून चिकटला की विषय संपला, ती लोखंडाची. आपल्याकडच्या बहुतेक तोफा अशाच, ओतीव किंवा घडीव लोखंडाच्या. बांगडी तोफ तर नावातच सांगते: लांब पट्ट्या जुळवून त्यांवर तापवलेली कडी चढवायची, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तशी. ओतीव मिश्रधातूच्या तोफाही आहेत. विजापूरची मलिक-ए-मैदान 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, आणि देवगिरीवरची मेंढा तोफही त्याच जातीची. पण हा धातू म्हणजे कांसं, तांबं आणि कथील यांचं मिश्रण. त्यात सोनं-चांदी घातल्याची कथा सांगायला बरी वाटते. कांस्य गंजत नाही, हिरवं पडतं. लोखंड गंजतं, आणि समुद्राकाठी तर अघोरी गंजतं. "गंजत नाही" असं ऐकल्यावर लोक निर्धास्त होतात आणि तोफ पावसात पडून राहते, हा त्या एका वाक्याचा खरा तोटा.

उन्हात न तापण्याची गंमत सोपी आहे. समजा तोफ 22 टनांची आहे. एवढं लोखंड एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सव्वादोन-अडीच हजार लिटर पाणी एक अंशाने तापेल. रात्रभर गार झालेली एवढी मोठी तोफ सकाळी दहाला गारच लागणार, आणि पर्यटक नेमके दहाला हात लावतात. एप्रिलात दुपारी तीन वाजता लावून बघा.

बारा किलोमीटर? जुन्या दारूने गोळा नळीतून फार तर सेकंदाला साडेचारशे-पाचशे मीटर वेगाने सुटायचा. गोल गोळ्याला हवा जबरदस्त अडवते, त्यामुळे हा वेग झपाट्याने पडतो. चोवीस पौंडी तोफेचा गोळा तीन किलोमीटरच्या आसपास दमायचा, आणि नेम धरून मारा करायचा तर पाचशे-सातशे मीटर. दहा-बारा किलोमीटरचा पल्ला आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, पेचदार नळी, लांबट गोळे आणि नवी दारू आल्यावर.

आता तो रविवार. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नुकसान सगळं इथे होतं.

एका गडावर आम्ही ऑइलपेंटने जाड लिंपलेली तोफ पाहिली. कुणीतरी मनापासून केलेलं काम. संध्याकाळी टॉर्च तिच्या अंगाला जवळजवळ टेकवून आडवा धरला, तेव्हा रंगाखाली अंकांच्या कडा उठल्या: 24-2-10. ही तारीख नाही, वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे प्रत्येकी 112 पौंड. दुसरा त्याच्या पाव भागाचा, 28 पौंडांचा. तिसरा सुटे पौंड. हिशेब केला, 2754 पौंड. साधारण साडेबाराशे किलो. एवढ्यावरून तोफ इंग्रजी हे कळलं आणि कुठल्या मापाची असावी याचा अंदाजही आला. तोफ गाड्यावर ज्या दोन आडव्या दांड्यांवर टेकते, त्यांच्या तोंडावरही असंच काही कोरलेलं असतं. स्वीडनच्या फिनस्पाँग कारखान्याचा 'एफ', स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्याचं नाव. नळीवर कधी डच ईस्ट इंडिया कंपनीची गुंफलेली अक्षरं. अक्षर मिलिमीटर-दोन मिलिमीटर खोल. ग्राइंडरची चकती तिथे अर्धा मिनिट फिरली की तोफ मुकी झाली.

वर रंगाने गंज थांबत नाही. ओतीव लोखंडाच्या बारीक छिद्रांत खाऱ्या हवेतले क्षार मुरलेले असतात. रंगाचा थर त्यांना ओलाव्यासकट आत कोंडतो, गंज खालून फुगतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रा सुटतो. सुटताना अक्षरं घेऊन जातो. समुद्रातून काढलेल्या तोफेचं तर आणखी अवघड. लोखंड विरघळून गेलेलं असतं आणि आकार तोलून धरलेला असतो उरलेल्या ग्राफाइटने. ती नुसती सुकू दिली तरी तडकते. तिला सोड्याच्या द्रावणात बुडवून, भोवती स्टीलची जाळी लावून, मंद वीजप्रवाहाने क्षार बाहेर काढतात. याला महिने लागतात, कधी वर्षं. जमिनीवरच्या तोफेला मऊ ब्रश, क्षार जाईपर्यंत धुणं, मग टॅनिक आम्ल आणि शेवटी मेणाचा हात. टॅनिन आपल्या हिरड्यात भरपूर असतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई पूर्वी करत, तीच क्रिया इथे गंजावर होते आणि वर निळसर काळा थर धरतो. काळा रंगच हवा असेल तर हा घ्या.

"दरीतली तोफ वर काढा" हे ऐकायला शूर वाटतं. पण ती दरीत का आहे? गड घेतल्यावर तोफ पुन्हा कुणाच्या कामी येऊ नये म्हणून कड्यावरून लोटायची, बाजूचे दांडे तोडायचे, काना, म्हणजे मागचं बत्ती द्यायचं भोक, खिळा ठोकून बंद करायचा, ही रीतच होती. कान्यात अडकलेला खिळा पाहून "अरे, हा ड्रिलने काढू" म्हणणारे भेटतात. तो खिळा म्हणजे त्या तोफेच्या लढाईची शेवटची ओळ आहे, तो राहू द्या. तोफ पडली ती जागा, तोंडाची दिशा, खालची माती, सगळ्याचे फोटो आणि मापं आधी घ्या. आणि गाडा करताना जहाजाची तोफ मोठ्या चाकांच्या मैदानी गाड्यावर चढवू नका. तिला चार बुटकी चाकं असायची.

परवानगीला सरकारी कटकट म्हणून उडवून लावतात. केंद्राच्या 1958 च्या कायद्याखाली संरक्षित स्मारकाची नासधूस केली किंवा तिथलं काही हलवलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राज्य संरक्षित गडांना 1960 चा राज्याचा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर 1878 चा निखात निधीचा कायदा, त्यात सापडलेली वस्तू कळवण्यासाठी किमतीची मर्यादा अजून दहा रुपयांची! पुरातत्त्व विभागाकडून उत्तर यायला वेळ लागतो, मान्य. तोफ तिथे दोनशे वर्षं आहे, आणखी तीन महिने थांबेल.

राहिली मेलेली दारू. सोरा, गंधक आणि कोळसा यांचं ते मिश्रण. ते कुजत नाही. ओलं झालं तर पेटत नाही एवढंच, आणि बंद नळीत कोरडं राहिलं तर शतकं टिकतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली अठराव्या शतकातली तोफ कित्येक वर्षं लोकांसमोर मांडलेली होती. 2013 च्या जानेवारीत साफ करायला घेतली, तर आतून गोळा, बोळा आणि पाऊण किलोच्या वर दारू निघाली. कुलपी गोळे त्याहून वाईट, कारण ते पोकळ असतात आणि दारू त्यांच्या पोटातच असते. 2008 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात यादवी युद्धातला असाच गोळा घरी साफ करताना एक अनुभवी संग्राहक ठार झाला.

म्हणून आमचा पहिला नियम बांबूचा. तोफेच्या तोंडापासून कान्यापर्यंतचं अंतर बाहेरून मोजायचं, मग तोंडासमोर उभं न राहता बांबू हलक्या हाताने आत सारायचा. दोन्ही मापं जुळायला हवीत. मागच्या हिवाळ्यात बांबू दीड हात आधीच अडला. सगळे म्हणाले माती असेल. तरी कुणी खरवडलं नाही, पोलिसांना कळवलं आणि गड उतरलो. चार दिवसांनी बॉम्बशोधक पथक आलं. आतून माती, दगड आणि वेफर्सची तीन पाकिटं निघाली.