‘माझी शाळा’ या चित्रात ती स्वतः कुठे आहे?

आज सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेतील चित्रप्रदर्शन पाहिले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. विषय होता ‘माझी शाळा’. झेंडे आणि हसरे सूर्य यांच्या गर्दीत चौथीतल्या, पावरा या आदिवासी समाजातील एका मुलीने पोषण आहाराची पंगत काढली होती. खिचडीचे पातेले, वाढणाऱ्या मावशी, ओळीने बसलेली मुले आणि प्रत्येकाच्या केसांचा भांगसुद्धा. चपलांपाशी, पंगतीकडे पाठ करून, ताट मांडीवर घेतलेली एक इवलीशी आकृती होती. ‘यात तू कुठे आहेस?’ असे विचारल्यावर तिने त्याच आकृतीवर बोट ठेवले. चित्राखाली लाल शाईत शेरा होता, ‘प्रमाण चुकले’.

संताप येतो तो या शेऱ्याचा. तिचे वडील केळीच्या बागेवर सालदार आहेत. घरात पावरी, मैदानावर अहिराणी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, अशा तीन भाषांत अडकलेल्या लेकराने ‘मला कोणी शेजारी बसू देत नाही’ अशी तक्रार उभे राहून कोणत्या भाषेत करायची? तिने ती खडूने केली आणि आपण तिला गुण दिले.

एका चित्रावरून निदान होत नाही, कागद संपला म्हणूनही मूल स्वतःला कोपऱ्यात काढते, हे मान्य. परंतु म्हणूनच विचारायचे असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्लोरेन्स गुडइनफ यांनी १९२६ साली माणसाच्या चित्रावरून मुलांची बुद्धी मोजण्याची चाचणी मांडली; मोजण्याची ती हौस आपल्यात अजून आहे, ऐकण्याची मात्र नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वंचित गटातील मुलांशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, पण पंगतीत कोण कोणापासून सरकून बसते, याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते?

त्या गुरुजींवर राग धरून बसावे, असेही आता वाटत नाही. दोन वर्ग, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येक चित्रापाशी थांबायला उसंत कुठून मिळणार? तरीही त्या मुलीने बोट ठेवले तेव्हा तिला सांगायचे होते, हे मी पाहिले आहे.

म्हणून माझ्या शिक्षक मित्रांना कळकळीची विनंती आहे. शेरा देण्याआधी मुलाला एकटे जवळ बसवा आणि ‘हे चित्र मला सांग’ एवढेच म्हणा. ते पावरीत बोलले तर बोलू द्या, समजणारे कोणी मोठे माणूस सोबत घ्या. त्याने कोणाचे नाव घेतले तर ते वर्गात फोडू नका. आणि दुसऱ्या दिवशी ताट घेऊन त्याच पंगतीत, त्या मुलाच्या शेजारी स्वतः बसा.