मल्हाररावांचे कागद खरंच कुलूपबंद आहेत?

दांडिया बाजारातल्या आमच्या ग्रुपवर जुना मेसेज पुन्हा फिरतोय: ‘मल्हारराव गायकवाडांवरच्या विषप्रयोगाच्या आरोपाचे सगळे कागद सरकारनं बंद ठेवलेत, म्हणून सत्य कधीच कळणार नाही.’ हे चूक आहे.

बडोद्यातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष सापडलं ते नोव्हेंबर १८७४ मध्ये. आरोप आला बडोद्याचे महाराज मल्हारराव यांच्यावर. पुढच्या वर्षी चौकशी आयोग बसला. कामकाज उघड चाललं, साक्षी छापूनही निघाल्या. आयोगाच्या सहा सदस्यांपैकी तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी धरलं. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव यांनी धरलं नाही. गंमत पुढेच आहे. सरकारनं मल्हाररावांना गादीवरून काढलं, पण कारण दिलं गैरकारभाराचं. विषाचा आधार घेतलाच नाही!

ब्रिटिश सरकारचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दफ्तरात शिरायला अर्ज, ओळखपत्र, वाट पाहणं हे सगळं आलंच, त्याबद्दलची कुरकुर रास्त आहे. पण छापील साक्षी वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि दरबारी कागद मोडी लिपीत आहेत. ते कुलूप सरकारनं लावलेलं नाही, आपणच मोडी सोडली.