‘मिसळल्याशिवाय आंब्याचा धंदा होत नाही’ या दाव्याला उत्तर

आंब्याचा हंगाम सुरू झाला की लहान विक्रेत्यांमध्ये एक सल्ला व्हॉट्सॲपवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा: देवगड-रत्नागिरीचा हापूस आणि कर्नाटकातून आलेला आंबा यांतला फरक गिऱ्हाईकाला कळत नाही, शेजारचा दुकानदार मिसळून स्वस्तात विकतो, म्हणून निव्वळ कोकणचा माल ठेवणारा तोट्यात जातो, खराब निघालेली फळे बदलून देणे हा भुर्दंड आहे, आणि विश्वासाचे काम आता सरकारी मानांकन करते, विक्रेत्याने त्याची चिंता करू नये. या विधानांत थोडाफार तथ्यांश आहे, म्हणून ती पटतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

फरक कळत नाही हे पेटी विकत घेताना बहुतांशी खरे आहे. कर्नाटकातही हापूसचीच कलमे आहेत आणि कच्चे फळ दिसायला जवळजवळ सारखेच असते. पण गिऱ्हाईक आंबा नुसता पाहत नाही, आठवडाभर खातो, आणि ज्या घरात वर्षानुवर्षे हापूस येतो तिथे गंध व चव यांवरून शंका यायला दुसरी पेटी लागत नाही. कर्नाटकचा आंबा विकण्यात गैर काहीच नाही. तो त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने विकावा, एवढेच. अनेक विक्रेते दोन्ही पेट्या वेगळ्या मांडतात आणि त्यांचा धंदा बसलेला नाही.

शेजाऱ्याच्या स्वस्त मालाचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, मालाचा दर्जा खरेदीदाराला ओळखता येत नसेल तर तो सरासरी दर्जाचाच भाव देतो, आणि चांगला माल बाळगणारा हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. सल्ला देणाऱ्यांचे म्हणणे नेमके हेच आहे. मात्र त्याच मांडणीत अकरलॉफ यांनी हमी आणि नावलौकिक हे यावरचे उपाय म्हणून सांगितले आहेत, आणि हा भाग सल्ल्यातून गळतो. महामार्गावर हंगामापुरता मांडव टाकणाऱ्याला तेच गिऱ्हाईक पुन्हा भेटत नाही, त्यामुळे त्याला मिसळणे परवडत असेल, हे मान्य करायला हवे. ज्याच्याकडे मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर आहेत आणि ज्याची निम्मी विक्री एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे होते, त्याला हे गणित लागू पडत नाही.

बदलून देण्याला भुर्दंड म्हणणाऱ्यांनी साक्याचा, म्हणजे हापूसच्या काही फळांच्या गरात होणाऱ्या दोषाचा, विचार केलेला दिसत नाही. बाहेरून निर्दोष दिसणारे अस्सल हापूसचे फळ कापल्यावर आतला गर पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. हा दोष बागायतदाराला, दलालाला किंवा विक्रेत्याला, कोणालाही वरून दिसत नाही. म्हणजे सर्वांत प्रामाणिक विक्रेत्याच्या पेटीतही अशी फळे निघणारच, आणि त्या क्षणी गिऱ्हाइकाला हा दोष फळाचा आहे की फसवणूक आहे हे ठरवावे लागते. पाच डझनांच्या पेटीतली तीन फळे बदलून दिली तर माल गेला पाच टक्के. न दिली तर शंका उरलेल्या सत्तावन्न फळांवरही येते. पेटी देतानाच साक्याबद्दल सांगून ठेवणारा विक्रेता हा वाद मुळात उभाच राहू देत नाही. शिवाय जो बदलून देतो तो बागायतदाराकडे चौकशी करू लागतो: फळ चौदा आणे तयार (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार, त्याच्या थोडे आधी) असताना उतरवले का, की झाडावर जास्त राहू दिले? कारण उशिरा काढलेल्या फळांत साक्याचे प्रमाण वाढते. भरपाई स्वतःच्या खिशातून जात असल्यामुळे माल निवडण्याची शिस्त आपोआप लागते.

मानांकनाचे उत्तर थोडक्यात देता येते. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांपुरते आहे. बाहेरच्या आंब्याच्या पेटीवर ते नाव खोटेपणाने लावणे हा १९९९ च्या कायद्यानुसार गुन्हा असून त्याला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. तेव्हा मानांकनाचा आधार घेऊन मिसळण्याचा सल्ला देणे हे जरा धाडसाचेच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मानांकन फक्त उगम सांगते. फळ कधी उतरवले, किती दिवस ट्रकमध्ये होते, पेंढ्याच्या अढीत पिकले की बंदी असलेल्या कॅल्शियम कार्बाइडवर, आणि ही पेटी आज खायची की चार दिवस थांबायचे, हे गिऱ्हाईक आजही विक्रेत्यालाच विचारते.