बुद्धिबळ आणि गणिताचे गुण : फिरत्या संदेशाबाबत खुलासा

‘शाळेच्या बुद्धिबळ मंडळात वर्षभर खेळल्याने मुलांचे गणिताचे गुण वाढतात, हे सिद्ध झाले आहे,’ असा संदेश सध्या पालकांच्या गटांत फिरत आहे. हे विधान पुराव्याला धरून नाही. इंग्लंडमधील १०० शाळांतल्या सुमारे ४,००० मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवडलेल्या शाळांमध्ये मुलांना बुद्धिबळ शिकवले गेले. शिकवणे संपल्यावर वर्षभराने त्यांच्या आणि इतर मुलांच्या गणितात फरक आढळला नाही. काही अभ्यासांत गुण वाढलेले दिसतात, हे खरे. परंतु त्यांपैकी अनेकांत तुलनेच्या मुलांना दुसरा कोणताही नवा उपक्रम दिलेला नव्हता, त्यामुळे वाढ बुद्धिबळाची की नावीन्याची, हे ठरवता येत नाही.

यामुळे मंडळाचे मोल मात्र कमी होत नाही. सांघिक सामन्यात प्रत्येक पटावरचे गुण एकत्र मोजले जातात, म्हणून स्वतःचा डाव हरलेले मूलही सोबत्याच्या बरोबरीतून मिळणाऱ्या अर्ध्या गुणासाठी शेवटपर्यंत थांबते. मुलांना खेळायला पाठवण्यास मला एवढे कारण पुरेसे वाटते. गुणवाढीचा तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही द्यावा.