फलकावरचे चेहरे : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

ठाण्यात २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, लागणाऱ्या फलकांवर मी जे लिहिले, ते आपल्याला खटकले. घरी बसून नाके मुरडणाऱ्यांपेक्षा रात्रभर जागून फलक लावणारी मुले बरी, निदान तीन हात नाक्यावरून जाणाऱ्याला कारगिल आठवते, असे आपले म्हणणे आहे. त्या मुलांविषयी माझ्या एका वाक्यात तुच्छता होती हे खरेच. ते वाक्य मी काढून टाकले आहे. फलकाच्या मांडणीवरचा आक्षेप मात्र कायम आहे. आमच्या नाक्यावरच्या फलकावर शुभेच्छुकांचे अकरा हसरे चेहरे होते आणि जवान म्हणून बंदूक घेतलेली एक काळी आकृती. कारगिलमध्ये ५२७ जवानांना वीरमरण आले. त्यांतले एकही नाव तेवढ्या मोठ्या फ्लेक्सवर मावू नये?

आपल्याकडे स्मारकांची परंपराच नाही, म्हणून जे होते ते गोड मानून घ्यावे, हे मात्र मला पटत नाही. ठाण्यावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या मुलखातच, बोरिवलीजवळ एकसरला, आरमारी लढाई कोरलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आहेत. खाली झुंज, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा. बहुतेक वीरगळांवर वीराचे नाव नसते, तेव्हा इथे आपण मला पकडू शकता. पण दगड अख्खा त्याचाच असतो, उभा करणारा त्यात डोकावत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात तर २०१९पासून प्रत्येक नावाला ग्रॅनाइटची स्वतंत्र पाटी आहे.

माजी सैनिकांचा सत्कार तरी आपण करतो, असेही आपण लिहिले आहे. आमच्या इमारतीतील निवृत्त हवालदारकाकांना दर १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ मिळते, छायाचित्रे निघतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना यंत्र त्यांच्या झिजलेल्या बोटांचे ठसे घेईना, तेव्हा त्यांच्यासोबत तीन खेपा घालायला त्या छायाचित्रांतले कोणीही नव्हते. दुसऱ्या खेपेला मी गेलो, तेही त्यांनी दोनदा विचारल्यावर. त्यामुळे या बाबतीत माझाही फार तोरा नको.

‘मग तुम्ही काय करणार?’ या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर लहान आहे. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९पासून ७ डिसेंबरला पाळला जातो. यंदा इमारतीत निधी गोळा करून तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. फलकाचे म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यातील मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरमधील गुरेझ भागात घुसखोरांशी लढताना धारातीर्थी पडले. येत्या ७ ऑगस्टला त्यांचे नाव, गाव आणि तारीख एवढाच मजकूर असलेला फलक लावण्यास आपल्या परिचयातील ती मुले तयार असतील तर कळवावे. छपाईचा खर्च माझा, आणि रात्री शिडी धरायलाही येईन.