गिलावा कसा करून घ्यावा: काही मौलिक सूचना

उन्हाळ्यात बेडरूमच्या भिंतीला नवा गिलावा केला. पहिल्याच पावसात पोपडे. परवा कॅलेंडरसाठी खिळा ठोकला, तर खिळ्यासकट परातीएवढा तुकडा पायाशी आला. असं काम आपल्याही घरी व्हावं असं वाटत असेल, तर लिहून घ्या.

वाळू चाळू नका. माती असली की थापीखाली कशी मऊसूत बसते.

काँक्रीटच्या कॉलमला टाचे, म्हणजे गिलावा धरून ठेवणाऱ्या खाचा, मारू नका. कॉलम आणि विटा जिथे भेटतात तिथे चिकन मेशची तारेची जाळीही नको. भेग अगदी सरळ रेषेत पडते, ओळंबा लावल्यासारखी.

सिमेंट-वाळूचा माल सकाळीच कालवून ठेवा. दुपारपर्यंत आवळला तर वरून पाणी शिंपडा, पुन्हा ताजा!

आणि भिंतीवर पाणी? छे! सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी क्रिया होऊन होतं, म्हणून गिलावा निदान ७ दिवस ओला ठेवायचा, असं पुस्तकात असतं. आमच्याकडे पाणी मारायला एक पोरगा यायचा. मग अर्धी भिंत शिंपडून मोबाइल. टोकलं, तर म्हणे, "काका, हात लावून बघा, गारच आहे." मे महिन्यात, पश्चिमेची भिंत! तिसऱ्या दिवशी पुट्टीवाला हजर, त्याच्या मागे रंगवाला, आणि कॉन्ट्रॅक्टर पुढच्या साइटवर. तिथेही पाणी कोण मारणार होतं, देव जाणे.

ओल दिसली की वर पीओपी थापा. जिप्सम भाजून केलेली ती भुकटी. कालवली की मिनिटांत घट्ट होते आणि ओलीत पुन्हा मऊ पडते. बाथरूममागच्या भिंतीला तर हवीच.

बीबी का मकबऱ्याचा आदर्श मात्र ठेवू नका. तिथे संगमरवर खाली आणि घुमटाला. मधे बराचसा चुन्याचा गिलावाच, १७ व्या शतकातला. डागडुजी लागते, पण उभा आहे. इतकं टिकवलं तर दुसरं काम मिळणार कसं?

पुरे. अहो कॉन्ट्रॅक्टरसाहेब, एक पाइप लागतो पाणी मारायला! स्क्वेअर फूट मोजताना खिडकीचा गाळासुद्धा वजा करत नाही तुम्ही, आणि पाण्याला माणूस नाही? फोन केला की "सर, पावसाळ्यात होतंच असं." भिंत पावसासाठीच असते ना? वॉटरप्रूफिंगचा वेगळा रेट मला सांगू नका. आधी ती भिंत फोडा, स्वतः उभे राहा, आणि बिलाचं नाव त्यानंतर काढा.